चार फुटी फिश टँकसाठी जुन्या किंजळीचा स्टँड : कामाच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५

टँक घरात येऊन पडला आहे. ४८ × १८ × १८ इंच, १० मिमी काच, कडेला फ्रेम नाही. ओळखीचं एक कुटुंब रत्नागिरी सोडून गेलं, त्यांच्याकडून घेतला. सोबतचा लोखंडी स्टँड मात्र घेतला नाही. इथली खारी हवा आणि वरून सांडलेलं पाणी यांनी अँगलचे पोपडे सुटले होते, आणि वेल्डिंगच्या जागी बोट दाबलं तरी भुगा हातात येत होता. म्हणून लाकडाचा करायचा ठरवलं. पावसाच्या आत संपवायचा.

पहिल्यांदा वजन काढलं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पाणी वरून दोन इंच कमी भरलं तर साधारण २१५ लिटर, म्हणजे २१५ किलो. काच सुमारे ५२ किलो (१० मिमी काचेचं वजन दर चौरस मीटरला २५ किलो धरा). वाळू आणि दगड ४० किलो. स्टँड स्वतः ८०-८५ किलोचा होईल. एकूण चारशे किलोच्या जवळपास.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. घरांच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला भार दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास असतो, आणि या टँकखालच्या अर्ध्या चौरस मीटरवर त्याच्या साडेतीन पट भार येतो. याचा अर्थ स्लॅब कोसळतो असा नाही, कारण खोलीतला बाकीचा भाग रिकामाच असतो. पण खोलीच्या मधोमध ठेवू नये. इमारतीचे नकाशे पाहिलेल्या इंजिनिअरला विचारलं. कॉलमजवळ, खाली बीम असलेल्या भिंतीला लांब बाजू लावून ठेवा, असं त्यांनी सांगितलं. हॉलमध्ये अशी एकच भिंत निघाली, तिथली शोकेस हलवली. फ्लॅटमध्ये चार फुटी टँक ठेवणाऱ्यांनी हे विचारल्याशिवाय लाकूड आणू नये.

१९ एप्रिल

लाकडाची निवड. सॉ मिलवर जाऊन सगळं हाताळून पाहिलं.

आंबा सगळ्यात स्वस्त, पण त्याला भुंगा लगेच लागतो. तिथल्याच फळ्यांवर टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसत होता. फणस देखणा, पण मिळत होता तो ओला. ऐन मजबूत, पण सुकताना चिरफळतो. नवं सागवान माझ्या खर्चात बसत नव्हतं. बाहेरून येणारं पाइन हलकं आणि कामाला सोपं, आणि पुण्या-मुंबईकडे बहुतेक जण त्याचेच स्टँड करतात. त्याला माझी हरकत नाही, दोन बाय चारच्या पाइनवर चार फुटी टँक व्यवस्थित उभा राहतो. क्रेटचं पाइन घेणार असाल तर शिक्का बघा. एचटी म्हणजे लाकूड नुसतं तापवलेलं आहे. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नका.

मी घेतली ती मोडलेल्या कौलारू घराची किंजळ, म्हणजे किंजळ झाडाचं लाकूड. आपल्याकडे जुनी घरं पडतात तेव्हा वासे, तुळया, रिपा यांची वेगळी विक्री होते. पन्नास-साठ वर्षं छपराखाली सुकलेलं लाकूड नव्याने चिरलेल्या कुठल्याही लाकडापेक्षा स्थिर असतं. ४ × ३ इंचाचे वासे, पाच घनफूट, ९०० रुपये घनफुटाने. टोकांना कुजलेलं होतं तेवढं सोडून माप धरलं.

विकणाऱ्याने वाळवीचं औषध मारून देऊ का म्हणून विचारलं, पैसेही घेणार नव्हता. मी नको म्हटलं, आणि हे मोठ्या अक्षरात लिहावंसं वाटतं. वाळवीसाठी मारतात ती क्लोरपायरिफॉस किंवा सायपरमेथ्रिनसारखी औषधं माशांना अत्यंत विषारी आहेत. पाण्यात अगदी थोडा अंश गेला तरी मासे मरतात. स्टँडवर हात टेकवायचा आणि तोच हात टँकमध्ये घालायचा, हे रोजचं काम आहे. स्टँडच्या लाकडाला असं औषध नकोच.

२६ एप्रिल

जुन्या लाकडाची खरी किंमत खिळ्यांमध्ये द्यावी लागते. गिरणीवाल्याने आधीच बजावलं, "ताई, खिळा ऱ्हायला तर पट्ट्याचे पैसे तुमचे."

अंबूर आणि पहार घेऊन बसले. वर दिसणारे खिळे निघतात. आत तुटून राहिलेले दिसत नाहीत. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून वाशावरून हळू फिरवलं, जिथे ओढ जाणवली तिथे खडूने खूण केली आणि पटाशीने खोदून खिळा काढला. हे काम दोन संध्याकाळींचं वाटलं होतं, गेला अख्खा आठवडा. तरीही चिरताना एका वाशात खिळा निघालाच. बराच आत, चुंबकाला लागला नव्हता. करवतीच्या पट्ट्याचे दात गेले, ८०० रुपये भरले. चिरणावळ ७०० वेगळी.

दुसऱ्यांदा केलं तर खोल भागासाठी मेटल डिटेक्टर भाड्याने आणेन. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन भिंतीतली वायर शोधायला वापरतात तो छोटा चालतो.

चिरून ४ × २ चे तुकडे मिळाले. रंधून ते ९५ × ४५ मिमी होतील.

४ मे

चिरलेलं लाकूड लगेच रंधायला घेतलं नाही, आणि ते फार बरं झालं. जुना वासा कितीही सुकलेला असला तरी आतला ताण तसाच असतो. मधून चिरला की तो सुटतो आणि तुकडा वाकतो. तुकड्यांमध्ये आडव्या रिपा घालून थप्पी लावली, वर टाइल्सच्या पेट्यांचं वजन ठेवलं आणि आठवडाभर सोडलं. आज उघडलं तर लांब पट्ट्यांपैकी दोन सरळ, एकीला थोडा बाक आणि एकीला चांगलाच पीळ. जमिनीवर ठेवली की एक कोपरा बोटभर वर. पिळाची पट्टी लांब कामातून बाद केली, कापून आखूड आडव्या पट्ट्यांसाठी ठेवली. आखूड तुकड्यात पीळ जाणवत नाही.

बाक असलेली पट्टी वापरणार आहे, पण फुगीर बाजू वर करून. भार पडला की ती सरळ होण्याच्या दिशेने जाते. खोलगट बाजू वर ठेवली तर वजनाने तो खड्डा वाढतो.

लाकूड किती सुकलं हे बघायला मीटर विकत घ्यायची गरज नाही. एक कापलेला तुकडा, साधारण सहा इंचाचा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज मोजते आहे. आठवडाभर ४८८ ग्रॅमवर स्थिर आहे. याचा अर्थ लाकूड आणि हवा यांचं जुळलं आहे. हा तुकडा पुढेही मोजत राहणार.

११ मे

सांगाडा कसा बसवायचा यावर सगळ्यात जास्त विचार केला. माझं ठाम मत असं की टँकच्या स्टँडमध्ये लाकूड कमी पडत नाही. दोन इंची चौरस खांब उभ्याने दाबला तर एकटाच हजार किलो सहज घेतो. आपल्याकडे सहा खांब आहेत. स्टँड बिघडतो तो तीन गोष्टींनी: वजन लाकडावरून न जाता स्क्रूवरून जातं, वरचा पृष्ठभाग सपाट नसतो, किंवा लाकूड पाणी पितं. तिन्हींची काळजी वेगवेगळी घ्यावी लागते.

वजनाची वाट अशी ठेवली: टँक, त्याखाली प्लाय, त्याखाली उभ्या ठेवलेल्या लांब पट्ट्या, पट्ट्या थेट खांबांच्या डोक्यावर, आणि खांब थेट जमिनीवर. यात कुठेही वजन स्क्रूवर येत नाही. प्रत्येक खांब दोन फळ्यांचा जोड आहे. बाहेरची फळी पट्टीच्या खालपर्यंत, तिच्यावर पट्टी बसते. आतली फळी पूर्ण उंचीची, ती पट्टीला मागून धरून ठेवते. स्क्रूचं काम फक्त हे तुकडे एकमेकांना सोडू नयेत एवढंच.

पट्टी आडवी न ठेवता उभी का, याचा हिशेब एकदा करून पाहिला. मधे खांब नसता तर चार फुटांच्या उभ्या पट्टीला भाराने सुमारे एक-सव्वा मिलिमीटर झोळ पडला असता, तीच पट्टी आडवी ठेवली तर पाच मिलिमीटरच्या आसपास. मधे एक खांब दिला की गाळा (दोन खांबांमधलं अंतर) अर्धा होतो आणि झोळ सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून पुढच्या बाजूलाही मधला खांब ठेवला. त्याने दरवाजा दोन भागांत विभागला जातो, मोठी वस्तू आत जात नाही. ज्यांना खाली संप टँक (फिल्टरसाठीचा दुसरा टँक) बसवायचा आहे त्यांनी संप आधी आत ठेवून मग मधला खांब लावावा किंवा पुढची पट्टी सहा इंचाची घ्यावी. मला फक्त कॅनिस्टर फिल्टर (बंद डब्यातला फिल्टर) ठेवायचा आहे, तो बसतो.

खांबांच्या बाहेरच्या सहाही फळ्या एकत्र बांधून एकदमच कापल्या आणि डोक्यावर एकत्रच रंधा फिरवला. एकेक मोजून कापल्या तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक येतोच.

किंजळ कठीण आहे. आठ नंबरच्या स्क्रूसाठी ३ मिमीचं भोक आधी पाडलं तरी एका टोकाला चीर गेली. तिथून पुढे टोकाजवळ साडेतीनचं भोक पाडलं आणि स्क्रूला थोडं मेण लावलं, मग एकही फाटलं नाही. स्क्रू सगळे स्टेनलेसचे. समुद्राजवळ साधे स्क्रू वापरले तर दोन-तीन पावसाळ्यांत लाकडावर काळे डाग पडतात आणि डोकं पिळलं की तुटतं.

१८ मे

सांगाडा चिकटवला. फेव्हिकॉल मरीन आणि स्क्रू. कोनाकोनी माप घेतलं तर दोन कर्णांत ४ मिमीचा फरक. लांब कर्णावर सुतळी बांधून मधे काडी घालून पीळ दिला, फरक शून्यावर आला, रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी सोडलं तर जागेवरच. हे गोंद ओला असतानाच करता येतं.

सांगाडा हलवून पाहिला तर डावी-उजवीकडे हाताने झुलतो. घाबरायचं कारण नाही, चौकटी सगळ्या झुलतात. मागे १८ मिमी प्लाय आणि दोन्ही बाजूंना प्लाय लागल्यावर झुलणं पूर्ण थांबलं. पाठ उघडी ठेवून भिंतीच्या बाजूला नुसती आडवी पट्टी ठोकलेले स्टँड बाजारात दिसतात, त्यावर पाण्याने भरलेला टँक ठेवायचं धाडस मी करणार नाही. मागे पाइप आणि वायरसाठी भोकं लागतातच. ती पाठीच्या मधल्या भागात पाडावीत, कोपऱ्यात नाही.

प्लाय बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा, आयएस ७१० शिक्क्याचा. एका ८ × ४ च्या पाट्यात पाठ, वरचा पाट, खालची फळी आणि दोन्ही बाजू बसतात: ८ फुटांच्या लांबीत एकापाठोपाठ ३०, साडेअठरा आणि १८ इंचाचे काप, उरलेल्या २९ इंचांतून दोन बाजू. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड घेऊ नका. एकदा पाणी लागलं की कडा फुगते आणि परत बसत नाही.

२१ मे

संध्याकाळपासून पाऊस. वळवाचा म्हणावा तर थांबायचं नाव नाही. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होत असल्याचं बातम्यांत सांगतायत. पॉलिशचं काम उरलं आहे.

कारखान्यातल्या मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "ताई, पीयूला (पॉलियुरेथेन वार्निशला) वेळ जातो. लॅकर मारा, तासाभरात सुकतं." लॅकर आणला.

२५ मे

लॅकर फुकट गेला. काल तो पट्टा रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून किनारा ओलांडून गेला. दिवसभर धो धो. त्यातच दुपारी जरा उघडीप वाटली म्हणून पहिला हात मारला. तासाभरात सुकला खरा, पण पूर्ण पृष्ठभाग दुधाळ झाला. लॅकरचा पातळक झरझर उडतो, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसून आतच अडकते. सुकण्याचा वेग हाच इथे दोष ठरला. मिस्त्रींचं चुकलं असं नाही, एप्रिलमध्ये हाच सल्ला बरोबर होता. आता मान्सून आला आहे, काल केरळात, आणि मुंबईत तो रीतसर ११ जूनला यायचा तो उद्या-परवावर आल्याचं सांगतायत.

सगळं खरवडून काढावं लागणार. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून लाकूड उघडं करायचं, दोन रविवार जातील. लॅकर आणि पातळकाचे ९०० रुपये वाया.

७ जून

तेलाचं पीयू वार्निश, ब्रशने. बेडरूम रिकामी केली, तिथे स्टँड आणला. ब्रश मारताना खिडकी उघडी आणि पंखा बाहेरच्या दिशेने. वास बराच उतरल्यावर खिडकी बंद आणि एसी ड्राय मोडवर. थर अगदी पातळ, दोन थरांमध्ये पूर्ण दिवस. कोरड्या हवेत सहा तासांत जे हाताला लागत नाही ते या हवेत दुसऱ्या दिवशीही किंचित चिकट लागत होतं. घाई करून जाड थर दिला तर वरची साय सुकते आणि खालचं ओलंच राहतं. आतल्या बाजूला, विशेषतः वरच्या पाटाच्या खाली, बाहेरच्याइतकेच थर दिले. टँकखालची हवा कायम दमट असते आणि बहुतेक जण तो भाग कोराच सोडतात.

सगळ्यात जास्त काळजी टोकांची. लाकूड पाणी पितं ते फळीच्या अंगाने कमी आणि टोकाकडून फार. खांबांचे तळ, पट्ट्यांची टोकं आणि प्लायच्या कडा यांवर आधी अराल्डाइट (इपॉक्सी गोंद) पातळ करून दोनदा चोळलं, मग पीयू. पहिला हात तर बघता बघता आत शोषला गेला. इतकं ते लाकूड पाणी प्यायलं असतं.

तुकड्याचं वजन आज ४९७ ग्रॅम. पॉलिश न केलेला तो तुकडा ४ मेच्या मानाने नऊ ग्रॅमने वाढला आहे.

१४ जून

फरशीने वेळ खाल्ला. आमच्या हॉलच्या फरशीला गॅलरीकडे उतार आहे, पण किती ते ठाऊक नव्हतं. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून दोन्ही टोकांना धरली. चार फुटांत ९ मिमीचा फरक. पुढे-मागे वेगळा ३ मिमी.

टँकच्या कोपऱ्याखाली पुठ्ठा घालून हा फरक मारता येत नाही. पुठ्ठा घातला की काचेचा तळ मधेच टांगला जातो आणि सिलिकॉनचे सांधे ओढ घेतात. दुरुस्ती करायची ती खांब आणि फरशी यांच्यात. स्टँड जागेवर ठेवला, कमी भागाच्या खांबांखाली पाचरी सारून लेव्हल केला. मग एका ठोकळ्यावर पेन्सिल टेकवून तो ठोकळा फरशीवरून सहाही खांबांभोवती फिरवला. खांबांवर जी रेषा आली तीच फरशीची चढउतार दाखवते. त्या रेषेवर खांब करवतीने कापले आणि कानसीने साफ केले. परत ठेवला तेव्हा पाचरीशिवाय लेव्हल. बुडबुडा मधोमध.

कापलेल्या तळांना पुन्हा अराल्डाइट आणि पीयू, खाली ३ मिमी रबराचे तुकडे. पावसाळ्यात आमच्या फरशीला घाम येतो, रोज ओला पोछाही फिरतो. रबर नसेल तर खांबाचा तळ कायम ओल्यात उभा राहतो.

अ‍ॅडजस्टेबल पाय लावायचा विचार मी सोडून दिला. त्यात सगळं वजन चार-सहा बोल्टवर येतं आणि त्या टाइलच्या एखाद्या कोपऱ्याखाली पोकळी असेल तर टाइल फुटते. खांबाचा पूर्ण तळ टेकलेला बरा.

१५ जून

वरचा पाट तपासला. गवंड्याकडून गिलाव्याची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणली होती, पाच फुटी आणि खात्रीने सरळ. ती लांबीने, रुंदीने आणि तिरकी ठेवून मागे मोबाइलचा टॉर्च धरला. डावीकडे मागच्या बाजूला फटीतून उजेड आला. फट मोजायचं फीलर गेज नाही, म्हणून वहीचे कागद सारून पाहिले. दीड मिलिमीटर.

स्क्रू काढून पाट उचलला. मागच्या पट्टीवर सांडून सुकलेल्या फेव्हिकॉलचा टणक गोळा होता, मसुराच्या डाळीएवढा. त्यावर पाट तरंगत होता आणि स्क्रू आवळल्याने बाकीचा भाग खाली ओढला गेला होता. पटाशीने गोळा तासला, पट्ट्यांवरून एकदा हलका रंधा फिरवला, पाट परत बसवला. आता कुठूनही उजेड येत नाही.

ही तपासणी टँक ठेवण्याआधी करायची असते. ५० किलोची काच वर चढली की पाट उघडायला कोणी धजत नाही. आणि पाट आणि टँक यांच्यामध्ये थर्माकोल घालतोच आहोत तर एवढ्या फरकाने काय होतं, असा विचार करू नका. १२ मिमी थर्माकोल वाळूचा कण किंवा अर्धा-एक मिलिमीटरचा फरक पोटात घेतो. तो गादी आहे, दुरुस्ती नाही. शिवाय हे फ्रेम नसलेल्या, तळाची काच पूर्ण टेकणाऱ्या टँकसाठी. प्लास्टिकची फ्रेम असलेला टँक कडांवर उभा असतो, त्याच्याखाली थर्माकोल घालायचा नसतो.

२२ जून

पाणी भरलं. नवरा आणि शेजारचे दोघे यांनी टँक उचलून ठेवला. काचेच्या कडेला हात न लावता तळाखाली फळी घालून उचलायचा.

एकदम भरला नाही. एक तृतीयांश भरून दोन तास थांबले. लेव्हल पाहिली, पाण्याची पातळी काचेवर दोन्ही टोकांना स्केलने मोजली. सारखी. दोन तृतीयांश भरून रात्रभर ठेवला. सकाळी उजवीकडे पाणी १ मिमी खाली. रबर दबलं होतं, तेवढंच, आणि पुढे वाढलं नाही. मग पूर्ण भरला. तळाच्या चारी बाजूंनी कागद सारून पाहिला, कुठेही जात नाही. मधल्या खांबाजवळ पट्टीखाली दोरा ताणून धरला होता, त्यावरून झोळ डोळ्याला दिसत नाही.

टँकमधलं पाणीच इथे सगळ्यात चांगली लेव्हल आहे. चार फुटांत २-३ मिमीचा फरक चालून जातो. त्याहून जास्त दिसला तर पाणी काढा आणि खाली दुरुस्त करा. भरलेल्या टँकखाली पाचर ठोकू नका.

एअर पंप अजून लावलेला नाही. घरात पीयूचा वास अजून थोडा आहे, आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. मासे येईपर्यंत वास पूर्ण गेलेला हवा.

६ जुलै

दारं अडकायला लागली. दारांची चौकट किंजळीची आणि मधे प्लाय. बसवताना दोन दारांमध्ये दीड मिलिमीटर जागा ठेवली होती, मे महिन्यात ती देखणी दिसत होती. आज डावं दार उघडेना. तुकडा काट्यावर ठेवला: ५०६ ग्रॅम. स्केलने रुंदी ९५ ची जवळपास ९६ मिमी. लाकूड लांबीने फुगत नाही, रुंदीने फुगतं, आणि दाराच्या उभ्या पट्ट्या दोन्हीकडून एकमेकींकडे येतात.

दारं काढून आतल्या कडा रंध्याने घेतल्या, आता जागा ३ मिमी. उघड्या झालेल्या कडांना परत पीयू. सांगाड्याच्या बाबतीत या फुगण्याने काही बिघडलं नाही, कारण तिथे सगळ्या लांब पट्ट्या सारख्याच उंचीच्या आणि सारख्याच लाकडाच्या आहेत, त्या एकत्र वाढतात. पुढे किंजळ आणि मागे पाइन अशी भेसळ केली असती तर पावसाळ्यात वरचा पाट एका बाजूने उचलला गेला असता.

२० जुलै

खर्च लिहून ठेवते, विचारणाऱ्यांसाठी. जुनं लाकूड ४,५००, चिरणावळ ७००, गिरणीच्या पट्ट्याचे ८००. प्लाय ३,८५०. स्टेनलेस स्क्रू, बिजागऱ्या आणि मॅग्नेट कॅच १,२५०. फेव्हिकॉल आणि अराल्डाइट ६५०. वाया गेलेला लॅकर ९००, पीयू आणि पॉलिश पेपर १,१००. थर्माकोल १२०, रबर १००, टेम्पो ६००. एकूण १४,५७० रुपये. यातले १,७०० टाळता आले असते: खिळ्याचे आणि लॅकरचे.

वेळेत सगळ्यात जास्त गेला तो खिळे काढण्यात आणि लॅकर खरवडण्यात. प्रत्यक्ष कापणं, जोडणं यात फारसा गेला नाही. पाइन घेतलं असतं तर खिळ्यांचा भाग पूर्ण वाचला असता, लाकूड बरंच हलकं झालं असतं आणि दोघांना उचलता आलं असतं. हा स्टँड जिन्यावरून खाली न्यायचा तर चौघं लागतील.

लेव्हल महिन्याभरात हललेली नाही. उजवीकडचा तो १ मिमी तसाच आहे. खांबांच्या तळाशी पांढरा कागद सरकवून ठेवते आणि ओल दिसते का बघते, आतापर्यंत कोरडा आहे. मागच्या डाव्या खांबापाशी, पाइपच्या भोकाखाली, पाणी बदलताना थेंब सांडतात, म्हणून तिथे प्लायच्या कडेवर सिलिकॉनची जाड रेघ ओढली आणि पाइपला खाली झोळ दिला. पाइपवरून ओघळलेलं पाणी त्या झोळापाशी गळतं, खाली वाटी ठेवली आहे.

अजून बाकी: दारांचे मॅग्नेट दसऱ्यानंतर पुन्हा बसवायचे. लाकूड आता फुगलेलं आहे, तेव्हा ते आकसेल आणि दारं सैल लागतील. आत्ता घट्ट केलेलं तेव्हा परत सोडावं लागेल, म्हणून हात लावलेला नाही.